माशी

बंदुकीच्या नळीवर, पार टोकाला,
तिळाएवढा पितळी उंचवटा असतो.
आपण त्याला माशी म्हणतो.
अन्सेल्म व्युर्ट्झ त्याला दाणा म्हणायचा,
आईच्या भाषेत,
जी प्लॅट नदीच्या त्या काठावर
फक्त त्याच्या बायकोला कळायची.

दुकानामागे ओकची फळी,
फळीवर कोळशाचं वर्तुळ.
गावातले सगळे शूर तिथे येऊन खोटे पडायचे.
दोनशे पावलांवरून धावतं हरीण पाडलेला
वीस पावलांवरून आख्खी फळी चुकवायचा,
मग वाऱ्याला शिव्या, दारूला शिव्या,
प्यायच्या नव्हे, ठासायच्या.
अन्सेल्म शिसं वितळवत ऐकून घ्यायचा.
त्याला ठाऊक होतं,
पहिल्या बारानंतर इतका धूर होतो
की समोरचा उभा आहे की पडला
हे कानांनी ठरवावं लागतं.
पाचसहा बारांनंतर नळीत काजळी धरते.
आणि मुठीवरचा हात,
हा तर अख्ख्या हत्यारातला सगळ्यात ढिला खिळा.
एकदाच म्हणाला होता,
पिस्तुलाला नेम असतो, माणसाचा काही नेम नाही.

मार्चमध्ये एबेन स्ट्रॉथर आला,
खेचरं हाकणारा, बुटांना अजून बर्फाचा चिखल.
खाली मारतंय, म्हणाला.
फळीवर सहा गोळ्या. खरंच, चार बोटं खाली.
माशी घासली की गोळी वर चढते,
हिशेब उलटा आहे, पण हिशेब आहे.
कानशीचे दोन हात पुरे होते.
आतून ओटिलिए ओरडली, सूप निवतंय.
अन्सेल्मने आणखी तीन मारले
आणि फळीकडे न जाता
पाऊण डॉलर खिशात टाकला.

भांडण चुलीवरून झालं.
बिडाची चूल, एबेन आणि कॉर्मॅक डीलीने
अर्धे अर्धे पैसे घालून घेतलेली.
हिवाळा एका खोपटात काढला दोघांनी,
एप्रिलमध्ये वाटा वेगळ्या झाल्या
आणि चुलीचे तर दोन तुकडे होत नाहीत.
पंधरा पावलं. एकच बार.
मी मांडीवर धरला होता, एबेन सांगत राहिला,
चार दिवस लंगडला असता, बस.
डीली दोन रात्री पाणी मागत होता,
आणि पोटात गोळी असलेल्याला
पाणी देत नाहीत.

धान्याच्या कोठारात पंच बसले, पोत्यांवर.
आपल्याकडे कुणीतरी विचारलं असतं,
नेमकी माशी कुठे शिंकली?
तिथे विचारलं, कारागीर म्हणून सांग,
या पिस्तुलाने मांडीवर धरून पोटात लागेल का?
अन्सेल्मने ते उजेडात धरलं.
तीस वर्षांत त्याच्या कामाला
कुणी भर सभेत नाव ठेवलं नव्हतं.
म्हणाला, मी साधून दिलंय.
धराल तिथेच लागतं.

एबेनने त्याच्याकडे पाहिलं.
रागाने नव्हे.
जसं माणूस वजनकाट्याकडे बघतो.

शुक्रवारी ते उरकलं.
दोरखंडाचा आणि फळ्यांचा खर्च निघावा म्हणून
एबेनचं सामान लिलावात काढलं.
चूल पाद्रीबाईंनी घेतली.
पिस्तूल घेतलं सुताराच्या पोराने,
ओठांवर नुकती लव आलेली,
आणि तो थेट दुकानामागे आला.
अन्सेल्म म्हणाला, आज नको.
पोराने तोवर बार काढले होते.

धूर विरायला वेळ लागला.
कोळशाचं वर्तुळ कोरं.
वर, भलतीकडेच, तीन भोकं,
एका नाण्याखाली झाकतील इतकी जवळ.
अन्सेल्म चालत गेला,
वर्तुळाच्या मध्यावर अंगठा टेकवला,
करंगळी ताणली.
बरोबर वीत. त्याच्याच हाताची.

आतून ओटिलिए काहीतरी विचारत होती.

जरा वर मारतंय, पोरगा म्हणाला,
पण राहू दे.
मला सवय होईल.