शेवाळ

वैशाखात कोणी येते का नागपुरात?
फुमिएबाई आल्या. क्योतोच्या. वय ब्याऐंशी.
गवताची टोपी, घडीचा पंखा,
आणि माझ्या व्हॅनच्या मागच्या सीटवर
मांडीवर देवळांची यादी.

मी प्रभुदास खोब्रागडे. पाहुणे फिरवतो.
दुभाषी म्हणून भाची आम्रपाली,
धरमपेठेत क्लास लावून शिकलेली,
अर्धं जपानी, अर्धं अंदाजे.

पहाटे दीक्षाभूमी. बाई घुमटाखाली
इतक्या हळू फिरल्या
की बाहेर येईपर्यंत फरशी तापली होती.
तेलंगखेडीला महादेवासमोर
त्यांनी दोनदा टाळी वाजवली,
पुजारी दचकला,
मग त्यानंही एक घंटा दिली परत.
टेकडीच्या गणपतीला चपलांचा नंबर
त्यांनी रुमालात गाठ मारून ठेवला, हरवू नये म्हणून,
आणि तो अजून त्यांच्याकडेच आहे.

सेमिनरी हिल्सच्या जपानी बागेत मात्र
मी तोऱ्यात दार उघडलं.
"सांग त्यांना, ही तुमचीच."
बाईंनी पिवळं पडलेलं गवत पाहिलं,
झाडामागची जोडपी पाहिली,
पाइपातून थुंकल्यासारखं येणारं पाणी पाहिलं,
आणि काहीतरी विचारलं.
"काय म्हणून राहिल्या?"
"मामा, शेवाळ कुठं आहे म्हणतात."

शेवाळ!
त्यांचा नवरा म्हणे एका देवळामागच्या बागेत माळी होता.
चाळीस वर्षं गुडघ्यांवर बसून
शेवाळातलं एकेक पान वेचायचा.
लांबून लोक यायचे, तिकीट काढायचे,
कडेला उभे राहून बघायचे. पाय ठेवायची बंदी.
"शेवाळावर तिकीट?" मी आरशात पाहून विचारलं.
आम्रपालीनं हे भाषांतर केलं नाही.

दुपारी पंचेचाळीस डिग्री.
यादी राहू दे म्हटलं, इंदोऱ्यात घरी चला,
रत्नमालानं वरण-भात टाकला आहे.
हात धुवायला मागच्या अंगणात नेलं,
आणि बाई तिथंच थांबल्या.

कूलरच्या ताट्या झिरपतात,
खाली टोपल्याएवढी जागा ओली राहते बारा महिने तेरा काळ.
त्या जागेवर मागल्या साली मी घसरलो, मनगट मोडलं.
रत्नमाला दर रविवारी तारेच्या ब्रशनं खरडते.
हा रविवार राहिला होता.

बाई खाली बसल्या. गुडघे वाजले, दोन्ही.
कडुलिंबाचं एक पान दोन बोटांनी उचललं,
मग दुसरं. मग काडी.
मग कोणाच्या तरी केसांची क्लिप.
सगळं तळहातावर ठेवत गेल्या
जशी वरची वस्तू परत मागेल कोणी.
कूलर घरघरत होता. ठिबकत होता.
वरण निवलं. कोणी हाक मारली नाही.
आम्रपालीला एकही शब्द बदलून द्यावा लागला नाही
तासभर.

संध्याकाळच्या विमानानं त्या गेल्या.
यादीतली तीन देवळं तशीच राहिली, रामटेकसुद्धा.

रविवारी रत्नमालानं ब्रश काढला.
अंगण घासलं, मोरी घासली,
कूलरपाशी आली आणि
वीतभर हिरवं सोडून बाकीचं खरडलं.
"काऊन?" मी विचारलं.
मान वर न करता म्हणाली,
"तुम्ही पाय पाहून ठेवत जा."