बावीस नंबर

लिलाव मंगळवारी असला तर जायचं सोमवारी.
हे बाबालालमामूंनी पहिल्यांदा सांगितलं,
पलूसच्या स्टँडसमोर, चहा बशीत ओतून,
कारण बोलायला वेळ लागणार होता.

सोमवारी ठाण्यामागं काळं कुत्रं फिरकत नाही.
बेवारस गाड्या एकमेकींच्या खांद्यावर कललेल्या,
फाटक्या सीटांतून घाणेरी उगवलेली.
खाली बस, मामू म्हणाले, वरून बघतात ती हौशी पोरं.
चॅसीचा नंबर वाच, थुंकी लावून, बोटानं.
इंजिनात हात घाल. नुसती हवा लागली तर समज,
रात्रपाळीत कुणीतरी तुझ्या आधीच लिलाव केलाय.

मग वजन धर. लोखंड किती, ॲल्युमिनियम किती,
उंदरांनी तांब्याच्या वायरी ठेवल्यात का.
मिरजेपर्यंतचा टेम्पो धर, हमाली धर,
जीएसटी धर,
अनामत परत मिळेपर्यंतचे चार हेलपाटे धर.
एवढं धरल्यावर एक आकडा उरतो.
तो डाव्या तळहातावर लिहायचा
आणि उद्या मूठ मिटून उभं राहायचं.

मंगळवारी गाड्या बघायच्या नाहीत. माणसं बघायची.
तो पांढऱ्या बुटांचा, कराडचा, मोठ्यानं बोलतो,
तो लवकर थांबतो.
जो मोबाईलमध्ये डोकं घालून बसलाय
त्याचा भाऊ पलीकडं लिंबाखाली उभा आहे.
पहिली बोली आपली नको.
"चढाओढीत माणूस गाडी घेत नाही पोरी,
दुसऱ्याचं तोंड पाडायला पैसे मोजतो."

हे सगळं मी शिकले. सात वर्षं झाली.
मिरजेत माझा स्वतःचा काटा आहे,
वर पाटी आहे, पाटीवर नाव मामूंचंच.

आणि तरी बावीस नंबर.

एम-एटी, कधीकाळी लाल.
दोन्ही अंगांना दुधाच्या कॅनचे हूक, घरी वेल्डिंग केलेले,
डावा जरा खाली.
माझ्या हातावर अकराशे.
मागून एक टोपीवाला म्हातारा म्हणाला, नऊशे.
हात वर केला नाही,
शाळेत हजेरीला उत्तर द्यावं तसं म्हणाला.
मी हजार म्हटलं. सवयीनं. आकड्यात जागा होती.
तो म्हणाला, अकराशे.
मी थांबले. नियमानं थांबले, हे लिहून ठेवते,
चांगुलपणानं नाही.

एक वार, दोन वार,
हवालदारानं टेबलावर डस्टर आपटलं.

पैसे भरायच्या रांगेत तो माझ्या पुढं.
नाव? ज्योतिराम सदाशिव हजारे, दुधोंडी.
भंगाराला नेताय का?
"न्हाई, माजीच हाय. चोरीला गेलती.
कागदं तिच्यातच हुती."
कारकून हसला नाही. पावती फाडली.
म्हाताऱ्यानं आधी नोटा मोजल्या, मग पावती वाचली,
आणि बाहेर जाऊन डाव्या हुकाला हात लावला.
"मेव्हण्याचं काम," कुणालाच उद्देशून नाही,
"पयल्यापास्नंच वाकडं."

रात्री मामूंना सांगितलं. कान गेलेत त्यांचे,
दोनदा सांगावं लागलं.
म्हटलं, त्याचे दोनशे रुपये माझ्या तोंडातून गेले.
ते बराच वेळ तंबाखू मळत राहिले.
मग म्हणाले, तू गेलतीस सोमवारी.
माणसं मंगळवारी येतात.

अजून मी आदल्या दिवशीच जाते.
तीच थुंकी, तीच चॅसी, टेम्पो, हमाली.
फक्त घरी केलेलं वेल्डिंग दिसलं
की आकड्याच्या शेजारी एक टिंब काढते.
टिंबाचा अर्थ अजून ठरवलेला नाही.

मागच्या महिन्यात तासगावला तीन टिंबं होती.
दोन गाड्या मीच घेतल्या.