सहाशे किलो

पहाटे पाचला हँगरचं दार ढकलते तेव्हा
नेवाडाचं पठार अजून गार असतं,
सेजच्या झुडपांचा कडवट वास
आधीच आत शिरून बसलेला.
हे विमान मी एकटीच बाहेर ओढते.
एका हाताने. दुसऱ्यात कॉफी.

जुनं ओढायला दोघं लागायची.
चार खुर्च्यांचं, माझ्याहून तीनच वर्षांनी धाकटं,
तासाला इतकं प्यायचं
की कॉलेजच्या हिशेबनीस मिसेस थ्रॅशर
मला येताना बघून पेन खाली ठेवायच्या.
पाच वर्षांत बारा मुलं अर्ध्यावर सोडून गेली.
आकाशाला नाही घाबरली कुणी,
बिलाला.

मग हे आलं. दोन खुर्च्या, पेन्सिलीएवढी दांडी,
पंप-नाक्यावरचं साधं पेट्रोलही चालतं याला.
मी म्हटलं, किल्ली कुठे द्यायची?
कुणी हसलं नाही. बहुतेक त्यांनाही तेच वाटलं होतं.

कागदावर याची एक हद्द आहे: सहाशे किलो.
विमान, पेट्रोल, आम्ही दोघी, आणि खिशात जे असेल ते.
म्हणून इथे पहिला धडा आकाशाचा नसतो.

माइते उरिआर्ते पहिल्या दिवशी आली
तेव्हा आमचा काटा बिघडलेला.
ती म्हणाली, आहे की घरी, मेंढ्यांचा.
बापाच्या पिकअपमधून घेऊन आली,
लोखंडी, कडांना लोकर अडकलेली,
आणि आधी मलाच उभं केलं त्यावर.
चौऱ्याऐंशी,
तिने वाचलं, मेंढीचं वाचतात तसं, पलीकडच्याला ऐकू जाईल असं.
तीस वर्षं मुलांना उडायला शिकवते आहे,
ही वेळ कधी आली नव्हती.
ती स्वतः एकोणसाठ.
मी सँडविचचा डबा फ्रीजमध्ये ठेवला.
तिने जाड बूट काढून कॅनव्हासचे घातले.
टाकीतलं पेट्रोल काठीने मोजलं, दोनदा.

नऊनंतर इथली हवा पातळ होत जाते,
पाहुणे वाढले की ताक होतं तशी.
जुन्या विमानाला वाऱ्याने धक्का दिला
तर ते आधी विचार करायचं.
हे मात्र नुसतं नाव घेतलं तरी वळून बघतं.
माइतेच्या पहिल्या उतरणी मी मोजल्याच नाहीत.
जमिनीपासून हातभर वर
निघतो निघतो म्हणत दारात उभ्या राहिलेल्या माणसासारखं
ते घुटमळत राहायचं,
आणि ती दांडी आवळायची.
सोड, मी म्हणायचे. दोन बोटं पुरेत.
बोकड धरलेले हात तिचे. दोन बोटं
शिकायला अकरा तास गेले.

एकविसाव्या तासाला, धावपट्टी तेवीसच्या टोकाशी,
मी दार उघडून खाली उतरले,
माझा पट्टा रिकाम्या खुर्चीवर आवळून बांधला.
चौऱ्याऐंशी किलो कमी झालेत, म्हटलं,
लक्षात ठेव.
दुसरं काही सुचलंच नाही.

अर्धी पट्टीही लागली नाही तिला.
माझ्यासोबत हे कधी असं उठलं नव्हतं,
कधीच नाही;
मी खाली गवतात उभी, हातात हेडसेट,
आणि ते चढतंय, चढतंय,
कुंपणावरून, तिच्या बापाच्या पिकअपवरून,
जो काटा परत न्यायला आला होता
आणि वर बघत नव्हता,
टोपीच्या आतला घाम पुसत होता, बराच वेळ.

तीन फेऱ्या. तिसरी उतरण
मला ऐकू आली नाही,
नुसती सावली येऊन चाकांना भेटली.

लॉगबुकात मी लिहिलं: एकटी.
तिने फ्रीजमधली दोन्ही सँडविचं
उभ्याउभ्याच खाल्ली,
आणि शेवटचा घास तोंडात असतानाच
बाप काटा उचलायला वाकला त्याला थांबवून
वर चढली.

साठ, तिने वाचलं.