अंगाएवढी वाट

महाबळेश्वर ठरलं होतं.
हॉटेलचे पैसेही भरलेले,
आणि कोईमतूरहून आलेल्या कोंडाआत्या
भाकरीचा पापुद्रा सोलत म्हणाल्या,
"मला आधी घळ बघायचीय."

"घळ कसली? काही नाही तिथं,"
चुलतसासरे ताटातून मान वर न काढता.

चाळीस वर्षं गलाईच्या दुकानामागं संसार,
भट्टीच्या धगीत पोरं वाढवली,
भाजी तमिळमध्ये घेतात, मोजतात मराठीत,
पण दिघंचीच्या अलीकडचं एक हिवराचं झाड
आणि तिथून डावीकडं किती चालायचं,
तेवढं पाठ.

तर ईकोत नऊ माणसं.
मागं पाण्याचा जार, दशम्या, डाळिंबं,
यशोधनच्या मांडीवर उलटीसाठी पिशवी,
आणि पुढच्या सीटवर चुलतसासरे :
"आत्तापतूर स्ट्रॉबेरी खाल्ली असती."

माळ. नुसता माळ.
तरवडाची पिवळी फुलं, मेंढरांच्या लेंड्या,
सावली फक्त चपलेखाली.
मग एकाएकी जमीन उसवलेली,
वरून कळूही नये अशी.

आत शिरलो
आणि उन्हाचा आवाज बंद झाला.
हात पसरले तर दोन्हीकडं भिंत.
पुढं कोपरं टेकली. मग खांदे.
काळ्या दगडाच्या मधून तांबड्या मातीचा एक पट्टा,
गेरूचं बोट ओढल्यासारखा,
प्रत्येक वळणावर आमच्यासोबत वळत राहिला.
वर आभाळ परकराच्या नाडीएवढं,
पाकोळ्या त्यातून आत-बाहेर.
दगडाला गाल लावला तर
माठाचा वास.

तिसऱ्या वळणावर चुलतसासरे अडकले.
पोट आत घ्या, मागं या, श्वास सोडा...
आम्ही हसलो, तेही हसले,
हसले म्हणून जास्तच अडकले.
घळीनं आमचं हसणं पुढं नेलं
आणि बऱ्याच वेळानं
दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं परत आणून दिलं.

आत्या हसल्या नाहीत.
गुडघ्याएवढ्या उंचीवर एक चीर होती,
तिच्यावर हात ठेवून उभ्या.

"बहात्तर साली हितनं मी आत जायची.
मोठ्या माणसाचा खांदा मावत नव्हता.
कमरंला दावं, हातात गडवा,
बारा गडवं झालं की एक घागर.
दावं ह्या निवरत्याच्या हातात.
आई मला मिलोची भाकरी अर्धीच द्यायची.
मला वाटायचं, घरात नाही म्हणून."

पाकोळी एक गेली.

"तसं नव्हतं.
मी जाड झाली असती, तर पाणी कुणी काढलं असतं?"

चुलतसासरे हसायचे थांबले,
तसे सुटले.
शर्टाची दोन बटणं भिंतीजवळच राहिली.

तोवर माझी ईश्वरी
चिरेत कमरेपर्यंत गेलेली.
"मम्मी, मी मावते!"
मी फ्रॉक धरला. घट्ट.
आत्यांनी माझी बोटं
एकेक करून सोडवली.
"जाऊ दे. दावं नको बांधू.
तिची ती येईल."

अंधारातून आवाज आला :
"पाणी आहे! थोडंसं.
आणि एक बेडूक."

"तवाबी हुता,"
चुलतसासरे म्हणाले.
दिवसभरात त्यांचं स्ट्रॉबेरीशिवायचं
हे पहिलंच वाक्य.

हिवराखाली जेवायला बसलो.
आत्यांनी ईश्वरीला अख्खी दशमी दिली.
मग दुसरी.
"पोट भरलं," ती म्हणाली.
त्यांनी तिसरीवर तूप घातलं.

येताना टेंभूचा कालवा लागला, काठोकाठ.
फोटोला कुणी उतरलं नाही.
आत्यांनी काच तेवढी खाली केली
आणि पूल संपेपर्यंत
कमरेचा पदर
मुठीत धरून बसल्या.