हँडल धरताना

तंतुवाद्यांच्या गल्लीच्या अलीकडे, मिरजेत,
एका बोळात पत्र्याचं दार होतं. दारावर पिवळ्या रंगात:
'शिकलगार इंजिन वर्क्स. नवीन इंजिनाचे काम होणार नाही.'
नवीन म्हणजे दस्तगीरचाचांच्या हिशेबी
पासष्ट सालानंतरचं काहीही.

दहावीला गणितात गेलो, त्या जूनमध्ये वडिलांनी मला तिथं सोडलं.
पहिले चार महिने फक्त व्हॉल्व्ह.
सीटला पेस्ट लावायची, काठीची रबरी वाटी चिकटवायची,
ताकाच्या रवीसारखी काठी तळव्यांत घुमवायची,
अर्धा फेरा इकडं, अर्धा तिकडं.
चाचा वरून रॉकेल ओतून बघायचे.
थेंबभर झिरपलं तरी बोलायचे नाहीत,
पेस्टची डबी परत माझ्यापुढं सरकवायचे.

व्हाइट मेटल ओतायचं असलं की पंखा बंद, रेडिओ बंद.
कढईत धातू दुधासारखा डुलायला लागला
की बाभळीची काडी बुडवून बघायची.
पेटली तर जास्त, कोरी राहिली तर कमी,
तपकिरी झाली की चाचा म्हणायचे, "ओत."
मग शाफ्टला निळी शाई, मग स्क्रॅपर,
निळं उठेल तिथं केसभर खरवड, परत बसव, परत काढ.
माझी नखं बघून आई म्हणायची,
इंजिनाला ठेवलाय का परटाकडं?

बेडगच्या ओमाशांचं गुऱ्हाळाचं इंजिन यायचं बैलगाडीतून,
आरगच्या फरांडे मास्तरांची दोन सायलेन्सरची जावा,
एका डॉक्टरांची जीप, जिला रिव्हर्स कधीच नव्हता
आणि डॉक्टरांना त्याचं काही वाटत नव्हतं.

भिंतीपलीकडं सतारीचे भोपळे वाळत असायचे.
पलीकडचे गुलाबसाब एकदा भांडायला आले,
तुमच्या धडधडीत मला जवारी लावता येईना.
चाचांनी त्यांना स्टुलावर बसवलं, चहा दिला,
स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाच्या हेडवर टेकवून
मूठ त्यांच्या कानाला लावली.
गुलाबसाब डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले.
चहावर साय धरली.
"दुसरा जरा चढा बोलतोय," म्हणाले.
दुसरा टॅपेट दोन थाऊ ढिला निघाला.
तेव्हापासून इंजिन चालू करायच्या दिवशी
पहिलं बोलावणं त्यांनाच.

आणि हँडल मारायच्या आधी चाचा माझा हात बघायचे.
"अंगठा बोटांच्याच बाजूला. मूठ आवळायची न्हाई.
उलटं फिरलं तर अंगठा घेऊन जातंय."
त्यांचा डावा अंगठा वाकडा होता.
तो कसा, हे मी सात वर्षांत विचारलं नाही.
लिव्हर वर. फेरे दे, दे, दे. लिव्हर खाली.
टुक.
इथं बोळातलं कुणी श्वास घ्यायचं नाही.
टुक. टुक.
धुराचं एक वेटोळं पत्र्याला लागायचं
आणि ओमासे रडायला यायचे, गूळ वाटायचे.

महापुरानंतर चौतीस इंजिनं आली, पोटात कृष्णेचा गाळ.
एकाच्या संपमधून चाचांनी शिंपला काढला,
पुसून गेजच्या डबीत ठेवला.
चौतीसच्या चौतीस चालू करून दिली.
निम्म्यांनी ती भंगारात घालून मोटारी बसवल्या.
पुढच्या दिवाळीला दार बंद झालं.
का, ते मला त्यांनीच सांगितलं:
"निळं आन् काळं एकच दिसतंय रे आता."

लेथ कुपवाडला वजनावर गेली.
तिथं आता थंड पाण्याचे जार भरतात.
पोरगा म्हणतो, दोनदा फरशी घातली,
पावसाळ्यात सांध्यांतून तेल वर येतंय.

मागच्या थंडीत खांदा द्यायला गेलो.
गर्दीत माझ्या वाट्याला चाळीसेक पावलं आली.
उतरताना बघितलं, दांडीवरचा हात,
अंगठा बोटांच्याच बाजूला.

फिलर गेजची डबी माझ्याकडं आहे. शिंपला आहे.
आठ थाऊची पट्टी तेवढी नाही.
कुणाच्या तरी इंजिनात राहिली असेल.