कुलूप, एक नग

चलन मीच फाडायचो, खाली कार्बन घालून:
सीडी तीन नग, कुलूप एक नग,
सीलबंद पाकीट एक, आत परवाना क्रमांक.
किमतीच्या रकान्यात पेन जरा अडायचं.

जळगावहून सकाळची अमळनेर गाडी.
पिशवी मांडीवर, उन्हाच्या उलट बाजूला,
कारण एका एप्रिलात धरणगावच्या अलीकडे
दुसऱ्या नंबरची सीडी
पापडासारखी वाकली होती.
पुण्याचं ऑफिस म्हणालं, असं होत नाही.
मी म्हणालो, मे महिन्यात या.

डाळमिलच्या शिरोडे शेठनी चकती उजेडाला धरली,
तिच्यात बघून मिशी सारखी केली.
"हाई इतलीशी चकती नि चाळीस हजार?
वजनच नही शे हिले!"
हरभरा मुठीत घेऊन
क्विंटलमागची तूट सांगणारा माणूस.
मी म्हटलं, शेठ, चकतीचे पैसे नाहीत,
आत जे आहे त्याचे.
"मंग ते दखाड."

दाखवायला काय होतं?
प्रिंटरच्या वायरमागे अंगठ्याएवढं कुलूप लावलं,
पाकीट फोडलं, पंचवीस अक्षरं
मुनीम एकेक करून वाचत गेला,
'बी' की 'डी' यावरून दोनदा भांडलो.
मग खातेवही उघडली. कोरी.
निघताना बजावलं: हे हरवलं तर
नवं मिळत नाही, सगळंच परत विकत घ्यावं लागतं.

एवढं सांगायला नको होतं.
त्या दिवसापासून शेठ संध्याकाळी
कुलूप उपटून घरी नेऊ लागले,
तिजोरीच्या किल्ल्यांत ओवून.
मुलीच्या सोयरिकीला नंदुरबारला गेले
तेव्हा मिलची अख्खी आवक
दोन दिवस कागदाच्या चिठ्ठ्यांवर.

आता कंपनी काहीच पाठवत नाही.
मोबाइलवर लिंक येते, चहा निवेपर्यंत काम होतं.
उरलेला माल नष्ट करा, असं पत्र आलं,
सोबत एक अर्ज, कसा नष्ट केला ते लिहायला.
साठ सीडी मेहुण्याने तापीकाठच्या दादरीत
सुतळीने टांगल्या, राव्यांसाठी.
करार पुन्हा वाचून काढला.
राव्यांबद्दल त्यात काही नव्हतं.

परवा अमळनेरला उतरलो. मिल पोरगा बघतो.
शेठ ओट्यावर, डोळे अधू.
जानव्याला किल्ल्यांचा जुडगा,
त्यात ते, पिना वाकलेलं.
मला ओळखलं नाही.
जुडगा हातावर तोलून मात्र म्हणाले,
"यामा एक जड शे."