अर्थ लागंना झालाय

निपाणीत, स्टँडच्या मागं, दस्तगीरच्या गॅरेजापुढं
माझी येझदी उभी होती,
हिरवीगार, नुकती रंगवलेली
आणि मेलेली.

बावीस किका मी मोजल्या,
पुढं गुडघ्यानं मोजणं सोडलं.
किल्ली फिरवली तर दिवा लागायचा, म्हणजे लागल्यासारखा,
विडीच्या टोकाएवढा.
हॉर्न दाबला की झोपेत कुणी कूस बदलावी तसा आवाज.
चिकोडीत एकानं प्लग बदलला.
संकेश्वरात एकानं कॉइल, वर कंडेन्सर,
"आता बघायचं कामच न्हाई," म्हणाला, साडेअठराशे घेतला,
आणि तवंदी घाटात ती परत बसली.
उतार होता म्हणून निपाणी तरी दिसली.

दस्तगीरनं माझं ऐकून घेतलं नाही.
तो गाडीचं ऐकतो.
त्याच्याकडं मीटर नाही. एक बल्ब आहे, जुन्या इंडिकेटरचा,
दोन वायरी झाळलेल्या,
एकीच्या टोकाला चिमटा, दुसरीच्या टोकाला
सायकलचा आरा, घासून अणी काढलेला.

चिमटा बॅटरीच्या प्लसला, आरा मायनसला:
बल्ब भक्क.
"छलो ऐती," बसू म्हणाला, त्याचा हाताखालचा पोरगा.
तोच आरा इंजनाच्या पात्यांना:
काही नाही.
चासीला: नाही.
मडगार्डाच्या नटाला: कणभर लाल,
गेला.

तेव्हा कुठं दस्तगीरनं माझ्याकडं बघितलं.
"पेंटर, रंग कुणी मारलाय?"
"मीच मारलोय," जरा ताठ होऊनच म्हणालो.
आधी प्रायमर, मग तीन हात,
बॅटरीखालचा नटसुद्धा सोडवून
त्याच्या बुडाखालची जागा रंगवून परत आवळलेला,
गंज नको म्हणून.

तो हसला नाही.
"अर्थ लागंना झालाय."
बसू आतून ओरडला, "अर्थ इल्ला?"
"इल्लऽ."

चौतीस वर्षं मी पाट्या रंगवल्या.
वखारीच्या, सलूनच्या, पतसंस्थेच्या,
वर ही लिपी, खाली ती,
मग नोटीस आली की वर ती, खाली ही,
मधेच रातोरात कुणी डांबर फासून गेलं
की सकाळी डबा घेऊन मीच.
पोटाला दोन्ही अक्षरं सारखी.
पत्रा खरवडून काढायला वेळ कुणाला होता?
रंगावर रंग.
मला वाटायचं, रंग म्हणजे पत्र्याची राखण.
तो मधे येतो
हे मला कुठल्याच भाषेत कुणी सांगितलं नव्हतं.

दस्तगीरनं हॅक्सॉचं मोडकं पान घेतलं.
हिरवा गेला, डेअरीच्या पाटीतनं उरलेला माझा.
खाली तांबडा निघाला, आधीच्या मालकाचा,
हुक्केरीच्या कुणा वायरमनचा म्हणे.
त्याखाली काळा, म्हैसूरहून आलेला.
त्याखाली रुपयाएवढं लोखंड,
पांढरं, नागडं,
हात लावला तर लाजेल असं.
प्रत्येक खरवडीला माझे दात आंबत होते.
कडी बसवली, नट आवळला, वर ग्रीसचं बोट.

आरा इंजनाला.
बल्ब भक्क.

पहिली किक वाया गेली, तिची सवय जायला वेळ लागतो.
दुसरीला दोन्ही सायलेन्सरांतनं धूर,
आणि रिक्षाखालचं कुत्रं उठून दुसऱ्या रिक्षाखाली गेलं.

"किती?"
"वीस."
साडेअठराशे आठवले, गिळले.
पन्नासची नोट दिली, तर तीस सुट्टे आणायला
त्यानं बसूला पानपट्टीवर पिटाळलं.

घरी डब्यात बोटभर हिरवा अजून आहे.
तेवढी एक जागा उघडी दिसते, डोळ्यात सलते.
संध्याकाळी ब्रश रॉकेलात भिजत घातला,
मग काढला, फडक्यानं पुसला, खिळ्याला टांगला.
चढला गंज तर चढू दे.
खरवडायला आता मला येतं.